युरियाची गोणी आणि बाळाची वाटी

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ चा वार्षिक भूजल गुणवत्ता अहवाल प्रसिद्ध केला. भूजलात नायट्रेटचं प्रमाण सर्वाधिक आढळलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांची नावं त्यात आहेत. त्यातले सात एकट्या महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि आपलं जळगाव.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं. तेव्हा सत्कार झाले, फलक लागले, पेढे वाटले गेले. नायट्रेटच्या यादीत नाव आलं तेव्हा मात्र एकाही गावात दवंडी पिटली गेली नाही. ज्या विहिरीचं पाणी पोरं पितात तिच्याबद्दलची बातमी पोरांच्या आयांपर्यंत पोचलीच नाही. माझं आजचं भांडण एवढ्याचसाठी आहे.

धुळ्याचं नाव त्या पंधरांत नाही. म्हणून धुळेकरांनी निर्धास्त होऊ नये. त्याच अहवालात महाराष्ट्रातल्या ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे, म्हणजे दर तीन नमुन्यांमागे एकाहून जास्त. कापूस, मका, कांदा, केळी ही पिकं जिल्ह्याची हद्द पाहून खत खात नाहीत आणि जमिनीखालचं पाणी अमळनेर आणि शिंदखेडा यांच्यात वेस मानत नाही.

पाणी गोड आहे हो!

धुळ्याच्या कुठल्याही खेड्यात पाण्याची चौकशी करा. उत्तर ठरलेलं: "आमनं पाणी गोड शे!" असेलही गोड. पण नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीत ज्या प्रमाणात ते सापडतं त्या प्रमाणात चवही लागत नाही. काचेसारखं नितळ पाणी मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट नायट्रेट पोटात घेऊन बसलेलं असू शकतं.

भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे. क्षारांच्या बाबतीत हेच मानक थोडी ढील देतं, दुसरा स्रोतच नसेल तर इतकं चालेल म्हणतं. नायट्रेटच्या रकान्यात अशी सवलतच नाही. ४५ म्हणजे ४५.

मग आपण काय करतो? उकळतो. तुरटी फिरवतो. टीसीएल टाकतो. आशाताईंनी दिलेल्या मेडिक्लोरचे थेंब टाकतो. कापडाची चौपदरी घडी करून गाळतो. कॉलरा, कावीळ, हगवण यांच्या जंतूंसाठी हे सगळं योग्यच आहे आणि ते थांबवायचं नाही. पण नायट्रेट हा जंतू नाही, तो पाण्यात विरघळलेला क्षार आहे. खारट वरण आटवलं तर जास्तच खारट होतं; नायट्रेटचं पाणी उकळलं की तेच होतं. पाण्याची वाफ निघून जाते, नायट्रेट भांड्यात राहतं. म्हणजे जी आई बाळासाठी काळजीने पाणी दहा मिनिटं उकळते, तिच्या हातून नकळत ते अधिक तीव्र होतं. यात तिची चूक काडीची नाही. तिला "उकळून घ्या" एवढंच सांगून निघून गेलेल्या व्यवस्थेची आहे.

सर्वांत लहान तोंड

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरने एक निरीक्षण छापलं. शेतावरच्या घरांतली तान्ही बाळं निळी पडत होती. हृदयाचा दोष सापडत नव्हता. बाळांचं वरचं दूध ज्या विहिरींच्या पाण्यात कालवलं जात होतं, त्या विहिरींत नायट्रेट होतं. पाणी बदललं आणि बाळं सुधारली.

हे घडतं कसं, ते प्रत्येक घराला कळायला हवं. पोटात गेलेल्या नायट्रेटचं काही जिवाणू नायट्राइट बनवतात. ते रक्तात उतरून हिमोग्लोबिनला असं बदलून टाकतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात हा बिघाड दुरुस्त करण्याची व्यवस्था असते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ती पुरेशी तयार झालेली नसते. त्याच्या जठरात आम्लही कमी, त्यामुळे जिवाणूंना रान मोकळं. वजनाच्या मानाने बाळ पाणीही जास्त घेतं. ओठ, नखं, तोंडाभोवतीची कातडी निळसर दिसू लागते. रक्त काढलं तर ते चॉकलेटी निघतं. बाळ सुस्त पडतं, धापा टाकतं. अशा वेळी भगताकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात पळायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की आम्ही विहिरीचं किंवा बोअरचं पाणी देतो. हे एक वाक्य निदानाला दिशा देऊ शकतं, कारण या आजारावर औषध आहे.

आणि त्याआधीचा उपाय फुकट आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणीही नाही. आईच्या पाण्यातलं नायट्रेट तिच्या दुधात बाळाला बाधेल इतकं उतरत नाही. आशाताई हे वर्षानुवर्षं सांगत आहेत आणि घरातली जाणती मंडळी "आमची नाही का वाढली?" म्हणून तो सल्ला उडवून लावत आहेत. आजीबाई, तुमची वाढली तेव्हा विहिरीभोवती इतका युरिया पडत नव्हता. वाटी-चमचा बाजूला ठेवा.

मोठ्यांनाही यात सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये छापलेल्या ग्रंथात म्हटलं आहे की पोटात गेलेलं नायट्रेट शरीरात विशिष्ट संयुगं तयार होतील अशा स्थितीत कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता आहे. २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका मर्यादेच्या बऱ्याच आतल्या पातळीपासूनच वाढलेला दिसला. एका अभ्यासाने निकाल लागत नाही, हे खरं. पण मर्यादेच्या आतल्या पाण्याबद्दल तिकडे चिंता सुरू आहे आणि इकडे मर्यादेबाहेरच्या पाण्याची आपल्याला खबरही नाही.

गोणीचा हिशेब

आता मुळाकडे येऊ. हे नायट्रेट आलं कुठून?

रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्र द्यावं, अशी शिफारस रूढ आहे. पाच बाय पाचवर एकरात साडेसतराशेच्या आसपास झाडं बसतात. म्हणजे एकराला साडेतीनशे किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे वीस-एकवीस किलो नत्र असतं. सगळं नत्र युरियातून दिलं तर एकराला सतरा गोण्या. ही झाली शिफारस. "शेजारच्याची केळी जास्त हिरवी दिसते" म्हणून वर टाकलेल्या गोण्या वेगळ्या.

जमिनीत पडलेल्या युरियाचं काही दिवसांत नायट्रेट होतं. मातीचे कण ते धरून ठेवत नाहीत. मुळांनी उचललं तेवढं पिकाचं, उरलेलं पाण्याबरोबर खाली. मृगबागेला खत द्यावं आणि पाठोपाठ पावसाची झड लागावी, की मुळांच्या खाली निसटलेला प्रत्येक किलो सरळ विहिरीच्या वाटेला लागतो. पाटपाण्याने वाफे तुडुंब भरले तरी तेच.

एक साधं गणित मांडतो. एका गोणीतलं सगळं नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपलं, तर ते जवळपास २० लाख लिटर स्वच्छ पाण्याला ४५ च्या मर्यादेवर नेऊन ठेवायला पुरतं. अर्धंच झिरपलं तरी १० लाख लिटर. एक गोणी! एकराला सतरा, आणि गावात एकर किती, ते तुमचं तुम्ही मोजा.

यावर लगेच शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडणारे शहरी लोक उठतील. त्यांनी आधी खाली बसावं. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १,३५० ला, ही किंमत शेतकऱ्याने ठरवलेली नाही. नत्र स्वस्त आणि बाकीचं महाग ठेवलं की माणूस नत्रच जास्त टाकणार. ऐन हंगामात युरिया हवा असेल तर सोबत हे टॉनिक घ्या, ती बाटली घ्या, असं लिंकिंग करणारा दुकानदारही शेतकरी नाही. माती तपासून जमीन आरोग्य पत्रिका हातात द्यायची योजना २०१५ पासून आहे. ती पत्रिका किती जणांच्या कपाटात आहे आणि किती जणांनी तिच्याबरहुकूम खत दिलं, हे कृषी सहायकाने बांधावर येऊन कधी विचारलं?

पण भाऊ, तुमच्याशीही स्पष्ट बोलतो. ठिबकवर खान्देशाने देशाला धडे दिले. ठिबकातून खत थोडं थोडं, पिकाच्या वयाप्रमाणे सोडलं तर पाव हिस्सा खत वाचतं आणि उत्पन्न घटत नाही, हे कृषी विद्यापीठं कित्येक वर्षं सांगत आली आहेत. नळ्या तुमच्या शेतात आहेतच. मग युरिया अजून पाटीने फेकून का दिला जातो? वाचलेली प्रत्येक गोणी तुमच्या खिशात राहते आणि तुमच्याच नातवाच्या पाण्यात जात नाही. यात तोटा कोणाचा आहे?

घरामागचा उकिरडा

सगळं खापर युरियावर फोडून मोकळं होता येणार नाही. विहिरीला खेटून उकिरडा, गोठ्याचं मूत वाहून जाणारी चारी, हातपंपापासून हाकेच्या अंतरावर शौचालयाचा खड्डा, हे चित्र अजून गावोगाव आहे. शेण, मूत, मैला या सगळ्यात नत्र असतं आणि ते याच मार्गाने नायट्रेट होऊन खाली उतरतं. खड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब हवा. जमीन भेगाळ खडकाची असेल तर आणखी लांब. उकिरडा उताराच्या खालच्या अंगाला हवा. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

आणि शहरांनी तर तोंड उघडूच नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, देशात सर्वाधिक. तापी आणि गिरणा त्यात आहेत. ज्या नद्यांना आपण माय म्हणतो त्यांच्यात नगरपालिकांचं सांडपाणी सोडायचं, तेच पाणी काठच्या विहिरींत झिरपू द्यायचं, आणि मग खेड्यातल्या बाईला स्वच्छतेवर भाषण द्यायचं. हे बंद करा.

हिरवं कार्ड, कोरा रकाना

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड लटकताना तुम्ही पाहिलं असेल. स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा असं पाहून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. साथीचे आजार रोखायला ते उपयोगी आहे. पण त्या हिरव्या रंगाचा नायट्रेटशी काही संबंध नाही. कार्ड हिरवं आणि पाणी मर्यादेबाहेर, असं एकाच वेळी असू शकतं. सरपंच मात्र कार्डाकडे बोट दाखवून सांगतात, "आपलं पाणी पास आहे."

सरपंचसाहेब, कशात पास? तो आकडा सांगा.

आकडा मिळवणं अवघड नाही. रासायनिक तपासणी वर्षातून निदान एकदा व्हायलाच हवी. गावाचा जलसुरक्षक नमुना घेतो, तो भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातो. जलजीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आणि त्यांच्या हाती संच द्यायचा असं ठरलेलं आहे.

त्या संचातली नायट्रेटची चाचणी एकदा बघाच. लहानशा नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं. पुडीतली भुकटी टाकायची, बूच लावून हलवायचं आणि सांगितलेली मिनिटं थांबायचं. नायट्रेट नसेल तर पाणी जसंच्या तसं राहतं. असेल तर गुलाबी छटा चढते, आणि जितकं जास्त तितकी गडद. मग नळी रंगपट्टीशेजारी धरायची आणि कोणत्या चौकोनाशी रंग जुळतो ते बघायचं. वाचता न येणाऱ्या बाईलाही हा निकाल कळतो. शाळेच्या व्हरांड्यात, बचत गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर ही नळी एकदा गुलाबी होऊ द्या. गावात त्या दिवशी दुसरा विषय निघणार नाही.

पण हे संच किती गावांत पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद आहेत? पुड्यांची मुदत संपली का, हे कोणी बघतं का? तपासणी केल्याची नोंद पोर्टलवर चढते. ती गावातल्या माणसाला कधी वाचून दाखवली जाते? नमुना पावसाळ्यानंतर घेतला की उन्हाळ्यात, यानेही आकड्यात फरक पडतो. वर्षाला एकच नमुना घ्यायचा असेल तर तो सोयीचा महिना बघून घेऊ नका.

मीटरवाला आणि जारवाला

जिथे सरकार बोलत नाही तिथे विक्रेता बोलतो. तो दारात येतो, खिशातून टीडीएस मीटर काढतो, पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. मग दोन सळ्यांचं यंत्र पाण्यात घालून वीज सोडतो. पाणी तांबूस-काळं होतं, वर फेस येतो. "हे पिता तुम्ही, ताई?" ताई घाबरतात, हप्ता ठरतो.

ताई, ती घाण तुमच्या पाण्यातली नव्हती. ती सळीचं लोखंड झिजून आलेली होती. ज्या पाण्यात क्षार आहेत त्यात वीज वाहते, आणि आपल्या शरीराला लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमही क्षारच आहेत. टीडीएसचा आकडा सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो. त्यात नायट्रेट किती, हे मीटरला कळत नाही.

आरओ नायट्रेट काढतं, हे खरं. पडदा चांगला असेल आणि वेळेवर बदलला तर. नुसता युव्ही दिवा किंवा कँडलचा फिल्टर नायट्रेटला हात लावत नाही, हे विकत घेण्याआधी माहीत असू द्या. आणि आरओ बरंचसं पाणी फेकून देतं. त्या फेकलेल्या पाण्यात नायट्रेट अधिक दाट असतं. ते गटारीत, गटारीतून जमिनीत, जमिनीतून शेजारच्या बोअरमध्ये. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने स्वतःचं पाणी गाळायचं आणि उरलेलं विष ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे ढकलायचं, याला कुटुंबाचं रक्षण म्हणत नाहीत.

गावोगाव आता थंड पाण्याचे जार येतात. लग्नात, बारशाला, दशक्रियेला जार. त्यावर तारीख नाही, परवान्याचा क्रमांक नाही, तपासणीचा कागद नाही. पाणी कुठल्या बोअरचं, पडदा कधी बदलला, कोणी विचारत नाही. थंड आहे म्हणून चांगलं आहे, एवढाच आपला निकष. जारवाल्याला तपासणीचा अहवाल मागा. नसेल तर जार परत पाठवा.

ताटातलं

पाण्याचं झालं, आता ताटाकडे वळू, कारण तिथेही तोच रोग आहे: दिसत नाही म्हणून विचारलं जात नाही.

कपाशीत निंदणीला जाणाऱ्या बाया संध्याकाळी ओट्यात तांदुळजा, घोळ, चिवळ खुडून आणतात. फुकटची, ताजी, लोहाची भाजी. पण त्याच कपाशीवर दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली असेल, तर ती भाजी धुऊन निघत नाही. कितीतरी कीटकनाशकं पानात शिरतात. मालकाने फवारलेल्या वावराला लाल कापड बांधावं आणि बायांना तोंडाने सांगावं, "ताई, या आठवड्यात इथलं काही खुडू नका." एवढं सांगायला त्याचं काय जातं? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. त्यानंतरही आपल्याकडे पंप पाठीवर घेणाऱ्या सालदाराच्या तोंडाला खांद्यावरच्या उपरण्याशिवाय काही नसतं.

औषधाचा रिकामा डबा म्हणजे आणखी एक घात. चांगला जाड डबा आहे, झाकण घट्ट बसतं, म्हणून धुऊन त्यात पाणी, तेल, रॉकेल भरलं जातं. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं गेलेलं तेच औषध. डबा रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, डब्याला खिळ्याने भोकं पाडायची आणि तो पुन्हा वापरता येणार नाही असा करायचा. ते पाणी विहिरीवर, नाल्यात, गुरांच्या हाळात ओतायचं नाही.

आणि आपली केळी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, कारण बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याऐवजी इथिलीन वायूला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दहा लाखांत शंभर भाग इतक्या मर्यादेत परवानगी दिली. चांगली रायपनिंग चेंबर आपल्याकडेच उभी राहिली आहेत, योग्य मार्ग आहे, परवडतोही. तरीही कुठे कार्बाइडची पुडी सापडली तर तो व्यापारी हुशार नाही, गुन्हेगार आहे. आणि त्याला ओळखून गप्प बसणारा बागायतदार जळगावच्या केळीचं नाव स्वतःच्या हाताने पुसतो.

म्युनिकने काय केलं

पुन्हा पाण्याकडे येऊ. जर्मनीतल्या म्युनिक शहराचं बरंचसं पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येतं. शेतीमुळे तिथे नायट्रेट वाढू लागलं. पाणी साफ करण्याचा मोठा कारखाना उभारण्याऐवजी शहराच्या जलसेवेने १९९२ पासून खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनाच पैसे द्यायला सुरुवात केली: रासायनिक खत सोडा, सेंद्रिय शेती करा, तोटा आम्ही भरून देतो, माल विकायला मदत करतो. शेतकरी शेती करत राहिला आणि शहराचं पाणी स्वच्छ राहिलं.

आपल्याकडे जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, धुळ्याला तापी आणि नकाण्याचं. शहरं लांबून पाणी आणून आपला बंदोबस्त करतात. खेड्याला मात्र तीच विहीर आणि तोच बोअर. म्हणून उपायही खेड्याच्या शिवारातच करावा लागेल. पिण्याच्या विहिरीभोवती ठरावीक अंतरात खत कमी वापरणाऱ्याला, शेणखत आणि हिरवळीचं खत घालणाऱ्याला, कडधान्याचा फेरपालट करणाऱ्याला रोख भरपाई द्या. गावातल्या आरओ यंत्रावर, त्याच्या दुरुस्तीवर आणि विजेवर दरवर्षी जाणारा पैसा मोजला, तर हा खर्च जास्त वाटणार नाही. शिरपूर तालुक्याने नाले खोल करून पाणी अडवून, जिरवून दाखवलं आहे. गावं आणि शेतकरी ठरवलं तर पाण्यासाठी काम करतात, हे तिथे सिद्ध झालं. आता पाणी किती जिरलं यासोबत कसलं जिरलं, हेही मोजायला लागू. शेतातून वाहून आलेलं गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडणं हे पुनर्भरण नाही. त्याआधी गाळणीचा खड्डा हवा.

तर, मागा

घराघरातली काळजी आपापल्या जागी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी देऊ नका. आईचं दूध नसेलच आणि पावडरचं दूध देणं भाग असेल, तर ज्याचं नायट्रेट तपासलं आहे अशाच पाण्यात ते कालवा. गावात दोन-तीन स्रोत असतील तर कोणता कमी नायट्रेटचा, ते शोधा आणि पिण्यासाठी तोच ठेवा, बाकी पाणी धुण्याभांड्याला वापरा. गरोदर बायकांनाही कमी नायट्रेटचंच पाणी द्या.

पण घराने कितीही काळजी घेतली, तरी गावाच्या विहिरीचा आकडा घरात बसून कळत नाही. तो मागावा लागतो. ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मेला असते, १५ ऑगस्टला असते, २ ऑक्टोबरला असते. पुढच्या ग्रामसभेत उठा आणि चार प्रश्न विचारा. आपल्या पाण्यात नायट्रेट किती? नमुना कोणत्या महिन्यात, कोणत्या स्रोताचा घेतला? तपासणीचा संच कुठे आहे आणि त्या पाच महिला कोण? आकडा ४५ च्या वर असेल तर पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय कधी? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, त्याला दहा रुपये लागतात. आणि अंगणवाडीच्या, शाळेच्या, पंचायतीच्या भिंतीवर तो आकडा मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, दरवर्षी नवा.

प्रश्न बायांनी विचारला तर उत्तम. हंडा त्या आणतात, बाळाला वाटीने पाणीही त्याच पाजतात. ताई, या वेळी ग्रामसभेला तुम्ही जा, आणि नायट्रेटचा आकडा कळल्याशिवाय जागेवरून उठू नका.